सरांची वजाबाकी

प्रयोगशाळेत त्याला नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळे त्याला जावई म्हणत. तोंडावर जावईबापू, पाठीमागे नुसतं जावई, आणि कुणी चिडलंच तर सासऱ्याचा जावई, जणू जावई आणखी कुणाचा तरी असू शकतो. तो इथे आला तेव्हा कुणाचाच जावई नव्हता. साधा विद्यार्थी होता, बऱ्यापैकी हुशार होता. पण सरांना एक मुलगी होती, ती एकदा बापाचा घरी राहिलेला चष्मा द्यायला आली, आणि त्यानंतर त्याने जे जे केलं ते सासऱ्याच्या कृपेनं झालं असं ठरूनच गेलं. प्रबंध सासऱ्याच्या कृपेनं, नोकरी सासऱ्याच्या कृपेनं. मध्ये त्याला कावीळ झाली, तेवढीच काय ती स्वतःच्या कर्तृत्वावर.

बरं, सरांनी कृपा केली म्हणावी, तर तसंही नाही. सरांनी आयुष्यात कुणाला बरं म्हटलेलं नव्हतं. विद्यार्थ्याने जीव तोडून काम करून आणलं की सर ते पाहत, चष्मा वर करत आणि म्हणत, "हं." हा हुंकार ज्यांना मिळाला ते स्वतःला भाग्यवान समजत. जावयाला तो इतक्या वर्षांत दोनदा मिळाला होता, आणि त्यातला एक बहुधा खाकरणं होतं.

सरांचं सगळं आयुष्य एका एन्झाइमभोवती फिरलं. मातीत राहणारे काही जंतू हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करतात, आणि हे काम ज्याच्या जोरावर करतात ते हे एन्झाइम. त्याचे प्रकार आहेत. मॉलिब्डेनम हा धातू पोटात असलेल्या प्रकारामागे सगळं जग लागलेलं होतं, म्हणून सरांनी व्हॅनेडियमवाला धरला. त्याला ऑक्सिजन जरासुद्धा खपत नाही. हवा लागली की संपला. म्हणून सगळं काम काचेच्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून करायचं. नाकाला खाज सुटली तर ती सोसायची. या प्रयोगशाळेत माणूस तयार झाला की नाही, हे त्यावरूनच ओळखत.

पाठ्यपुस्तकांत सरांचं एक वाक्य गेलेलं होतं. कार्बन मोनॉक्साइड दिला की हे एन्झाइम बंद पडतं. गाडीच्या धुरातला, बंद खोलीत शेगडी पेटवली तर माणसाला झोपेत मारणारा तोच हा वायू. या वाक्यावर प्रयोगशाळेची सगळी रीत उभी होती. रोज सकाळी एन्झाइमची तब्येत बघायची. कुपीत एन्झाइम घालून वर असेटिलीन वायू सोडायचा. एन्झाइम त्याचं इथिलीन करतं, तेव्हा जितकं इथिलीन तितकं एन्झाइम तरतरीत. शेजारी एक कोरी कुपी ठेवायची. तिच्यात सगळं तेच, फक्त कार्बन मोनॉक्साइड जास्तीचा, म्हणजे एन्झाइम मेलेलं. मेलेल्याकडून काही व्हायला नको. पण व्हायचं. वायू वेगळे करून मोजणारं जीसी नावाचं यंत्र सरळ रेघ काढत यायचं आणि इथिलीनच्या जागी बारीकसं टेंगूळ उठायचं.

सरांना विचारलं तर ते म्हणत, "घाण आहे. असेटिलीनमध्ये असते, बुचात असते, यंत्रात असते. कोऱ्यातलं वजा करा आणि पुढे चला."

मग सगळे वजा करत आणि पुढे चालत. याला सरांची वजाबाकी म्हणत, आणि ती सरांच्या विद्यार्थ्यांबरोबर परदेशांतल्या प्रयोगशाळांतही जाऊन पोचली होती. टेंगूळ का येतं हे विचारणारा नवखा समजला जाई.

सरांची निवृत्ती जवळ आली तेव्हाची गोष्ट. जावई पेटीत हात घालून कुप्या भरत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शेजारच्या प्रयोगशाळेतला खबऱ्या तिथेच रेंगाळत होता. याला हे नाव का पडलं ते सांगायला नको. त्याने तत्परतेने फोन उचलून जावयाच्या कानाला लावला, आणि स्वतःचाही कान जमेल तितका जवळ आणला.

बायको दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपणच बोलायची तिला सवय.

"ऐक, बाबांच्या निरोप समारंभात तू बोलायचंस. मी संचालकांना सांगून टाकलंय."

"मी? काय म्हणून? विद्यार्थी म्हणून की जावई म्हणून?"

"दोन्ही म्हणून. काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. मला पडतो."

"हे बघ, आता पेशंट आलाय. चांगलं बोल, आणि लहान बोल." फोन बंद.

"बोलायलाच हवं जावईबापू," खबऱ्या म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण बोलणार? घरचा माणूस."

या घरच्या माणसाचं टाळकं असं फिरलं, की कोऱ्या कुप्यांत असेटिलीन सोडायचाच राहिला. एन्झाइम घातलं, कार्बन मोनॉक्साइड घातला, हलवल्या, लावल्या. चूक लक्षात आली ती जीसी सुरू झाल्यावर. स्वतःवर चरफडत तो यंत्र बंद करायला उठला आणि तसाच उभा राहिला. टेंगूळ आलं होतं. नेहमीच्याच जागी, नेहमीएवढंच. ज्याच्यातली घाण म्हणून इतकी वर्षं त्याला हिणवलं, तो असेटिलीन कुपीत नव्हताच. आणि मागोमाग आणखी दोन इवलीशी टेंगळं उठली. एरवी ती असेटिलीनच्या गर्दीत कुणाला दिसली नसती. इथेनच्या जागी एक, प्रोपेनच्या जागी एक.

कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बन एकेकटा असतो. इथिलीनमध्ये दोन जोडलेले, प्रोपेनमध्ये तीन. ते कुणी जोडले? कुपीत तर मेलेल्याशिवाय कुणी नव्हतं.

पण तो सरांच्या हाताखाली तयार झालेला माणूस होता, एवढ्याने नाचणारा नव्हता. त्याने आधी बुचांवर संशय घेतला. रबर तापलं की नाही नाही ते वायू सोडतं. बुचं बदलली, टेंगूळ कायम. मग खिडकीत खबऱ्याची केळी दिसली. पिकणारं फळही इथिलीनच सोडतं. त्याने केळी हलवली, आणि ती कुणी खाल्ली यावरून दोन प्रयोगशाळांत अबोला झाला, पण टेंगूळ कायम. एन्झाइम वगळलं, रेघ सपाट. एन्झाइम उकळून खरोखरीच मारलं, रेघ सपाट. कार्बन मोनॉक्साइड वगळला, सपाट. शेवटी त्याने जड कार्बनवाला कार्बन मोनॉक्साइड मागवला. त्यातला कार्बन नेहमीच्यापेक्षा जरासा वजनदार असतो, म्हणजे तो कुठे गेला ते शोधता येतं. तो सगळा इथिलीनमध्ये, इथेनमध्ये, प्रोपेनमध्ये निघाला.

म्हणजे विषारी वायूने एन्झाइम मरत नव्हतं. ते मेल्याचं सोंग घेऊन गुपचूप त्याच वायूचं इंधन बनवत बसलं होतं. अर्थात इंधन म्हणजे किती? त्यावर कपभर चहाही झाला नसता. पण झालं होतं, आणि ते त्याने पाहिलं होतं. त्याने, जावयाने नव्हे. या आनंदात त्याने प्रयोगशाळेच्या जिन्यात चक्क शीळ घातली.

मधल्या काळात सरांनी एकदा विचारलं होतं, "काय चाललंय हल्ली?"

"बुचं तपासतोय, सर."

"बुचं तपासलेली कधीही चांगली," सर म्हणाले आणि पुढे गेले. जावयाला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

कारण आता खरी पंचाईत होती. हे बाहेर आलं की सरांचं वाक्य पडणार, आणि वाक्याबरोबर वजाबाकी. सर खवळतील, सगळ्यांदेखत वाभाडे काढतील, आपल्या वजनाने हे काम दडपूनही टाकतील. जावयाने रात्रंदिवस त्याचीच धास्ती घेतली. त्याला दुसरं काही नको होतं. हे आपण केलं, एवढं एकदा लोकांनी म्हणावं, बस.

"सांगून टाक," बायको म्हणाली. "दुखरा दात ठेवून कुणाचं भलं झालंय?"

सुट्टीच्या दिवशी तो सासरी गेला. सर जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. निवृत्तीनंतर काय करायचं याची ती तालीम असावी. तो समोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बायको दाराशी उभी राहिली, पहिल्यांदाच काही न बोलता.

सरांनी मान वर केली नाही. "बुचं?"

"बदलली."

"फळबिळ?"

"हलवली."

"जड कार्बन लावलास?"

"लावला. सगळा उत्पादनात आला."

सर सोलत राहिले. मग बायको पुढे झाली आणि तिने हलकेच त्यांच्यासमोरची दोन्ही भांडी ओढून घेतली. मटार टरफलांच्या टोपलीत पडत होते आणि टरफलं पातेल्यात.

"म्हणजे इतकी वर्षं," सर म्हणाले, "मी उत्तरच वजा करत होतो." आणि ते उठून आंघोळीला गेले. सकाळी त्यांची एक आंघोळ झालेली होती.

त्यानंतर सरांनी विषय काढला नाही. प्रयोगशाळेत येत, आपल्या खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरत, जावयाकडे एक नजर टाकत आणि जात. जावयाची झोप उडाली. हे गप्प बसणं खवळण्यापेक्षा वाईट होतं.

समारंभाला सभागृह भरलं. जावई बोलला, चांगलं नाही पण लहान बोलला. मग सर उभे राहिले. त्यांनी कुणाचे आभार मानले नाहीत. माइक वाकवून ते सरळ म्हणाले, "मी आयुष्यभर एक चुकीची गोष्ट शिकवली. कार्बन मोनॉक्साइडने हे एन्झाइम मरत नाही. ते त्याचं हायड्रोकार्बन करतं. पुरावा रोज माझ्यासमोर येत होता आणि मी तो वजा करत होतो. ही चूक माझ्या विद्यार्थ्याने पकडली. एकट्याने. माझा त्यात काडीचाही हात नाही. उलट मीच आडवा पडलो होतो."

आणि त्यांनी बोट करून जावयाला उभं केलं.

जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. मग टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या वाढल्या, लोक उठून उभे राहिले, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की सगळ्यांची तोंडं सरांकडे आहेत.

संचालक डोळे पुसत माइकवर आले. "शोध लावणारे पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "पण आयुष्यभराचा शोध असा सहज दुसऱ्याच्या ओंजळीत टाकणारा माणूस आज पाहिला. आणि वर चुकीचा ठपका स्वतःवर! कुठून येतं हे एवढं मोठं मन?"

"अहो, मन कसलं?" सर ओरडले. "मी खरंच चुकलो होतो!"

सभागृह हसलं आणि टाळ्या दुप्पट झाल्या. सर जितकं नको म्हणत गेले तितके ते थोर होत गेले. शेवटी ते हात हलवत, पाय आपटत खाली बसले, तर त्यालाही विनय म्हणण्यात आलं.

चहाच्या वेळी खबऱ्याने जावयाला मिठी मारली. "नशीब काढलंस लेका! लोकांचे सासरे घड्याळ देतात, तुझ्या सासऱ्याने शोध आंदण दिला."

"मी केलंय रे ते."

"हो हो," खबऱ्या डोळा मारून म्हणाला. "तू असंच म्हणायला पाहिजेस. सरांची तीच इच्छा आहे."

पुढे सगळं सुरळीत झालं, हेच दुर्दैव. लेख छापून आला. सरांनी त्यावर आपलं नाव घालू दिलं नाही, तर ते नाव नसण्याचीच चर्चा झाली. सरांच्या रिकाम्या जागेसाठी मुलाखत झाली. पहिलाच प्रश्न आला, "सरांना ही कल्पना प्रथम कधी सुचली?" तो म्हणाला, त्यांना नाही, मला सुचली, तीही चुकून. मंडळाने एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. जशी शिकवण तसा शिष्य. जागा त्याला मिळाली.

"नाकारतो मी," तो घरी येऊन म्हणाला.

"नाकार," बायको म्हणाली. "मग म्हणतील, सासऱ्याशी बिनसलं. तरी सासरा आलाच."

त्याने दोन दिवस विचार केला. सरांनी विरोध केला असता तर? हे काम खोटं आहे असं सर कडाडले असते तर दुनियेला कळलं असतं की ते सरांचं नाही. ज्याची धास्ती घेतली होती तेच तर हवं होतं! तो तडक सासरी गेला. सर कालचाच पेपर पुन्हा वाचत बसले होते.

"सर, तुम्ही माझ्याविरुद्ध लिहा."

"काय लिहू?"

"काहीही. बुचं म्हणा."

"बुचं तू बदललीस!" सर खवळले. शेवटी एकदाचे खवळले. "मी या वयात खोटं लिहू? एक चूक आयुष्यभर शिकवली, आता दुसरी जाणूनबुजून शिकवू?"

तो उठला. तो चपला घालत असताना सर मागून म्हणाले, "थांब. खरी चूक सापडली तर लिहीन. तुझी सालटी काढीन. मग तर झालं?"

"झालं," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सर पुन्हा प्रयोगशाळेत येऊ लागले. जावयाच्या हाताखाली पाहुणे म्हणून, तशी सही करून. त्यांनी पेटीत हात घातले आणि पहिल्या पायरीपासून सगळं स्वतः केलं. जंतू वाढवले, एन्झाइम वेगळं केलं, बुचं स्वतः निवडली. केळी घेऊन आलेल्या खबऱ्याला दाराबाहेरच उभं केलं. हातमोज्यांत त्यांची बोटं आता थरथरत, पण नाकाला खाज सुटली तरी ते अजून हलत नव्हते. जावई आपल्या कामाचा बहाणा करून लांबून पाहत राही. आपल्या कामात चूक निघू दे म्हणून मनोमन विनवणी करणारा माणूस त्या इमारतीत तो एकटाच असेल. सरांच्या कपाळावर आठी पडली की त्याला आशा वाटे. आठी विरली की तो खट्टू होई.

बाहेर याचीही बातमी झालीच. निवृत्त झाले तरी जावयाचं काम सर अजून करून देतात, अशी.

एक दिवस दुपारी जीसीची शेवटची रेघ आली. सरांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, कागद खाली ठेवला, पुन्हा उचलून पाहिला. मग स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की जावई घाबरून जवळ गेला.

"माफ कर," सर म्हणाले. "नाही सापडत."

"काहीच नाही? मोजण्यात? जड कार्बनच्या हिशेबात?"

"सगळीकडे पाहिलं. मला वाटलं होतं प्रोपेनशी कुठेतरी घसरला असशील. नाहीस घसरलास." सर कागदाच्या कडा बोटाने सरळ करत राहिले. "चोख काम आहे. माझ्या हातून इतकं चोख कधी झालं नाही."

जावई शेजारचं स्टूल ओढून बसला.

"आता हे मी कुणाला सांगू?" सर वैतागून म्हणाले. "सांगायला गेलो की टाळ्या वाजवतील लेकाचे."

"कुणाला नका सांगू," तो कसाबसा म्हणाला. "मला परत एकदा सांगा."

"काय सांगू?"

"काम कसं झालंय ते."

"बहिरा आहेस का? चोख आहे म्हणालो ना," सर खेकसले, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. खूप वेळ पुसत राहिले.